अणुस्कुऱ्याची वाट आणि उन्हाळ्याचं ऊन पाणी

मुरगूडहून समुद्राकडे उतरायचं म्हटलं की आज बहुतेक जण फोंडा घाट धरतात. राधानगरी, दाजीपूर, घाट उतरला की कणकवली. पण राजापूर हे जेव्हा खरंखुरं बंदर होतं, तेव्हा पन्हाळा-कोल्हापूर आणि समुद्र यांना जोडणारी जवळची वाट होती अणुस्कुऱ्याची. कळे, बाजारभोगाव, करंजफेण ओलांडलं की शाहूवाडी तालुक्याच्या टोकाला अणुस्कुरा हे गाव लागतं. तिथून सह्याद्री एकदम तुटतो. खाली येरडव, मग पाचल, ओणी आणि राजापूर. राजापूरला लागूनच उन्हाळे नावाचं गाव आहे आणि तिथे जमिनीतून बारमाही ऊन पाणी येतं. या लेखात वाट आणि पाणी दोन्ही आहे, कारण इतिहासात ही दोन वेगळी करता येत नाहीत.

आधी शब्दाचं बघू. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही खोड जात नाही. उन्हाळे म्हटलं की मुलं हसतात. सर, आणि हिवाळे कुठाय? पण या गावाचा ऋतूशी संबंध नाही. आपल्याकडे अजून म्हातारी माणसं ‘ऊन पाणी’ म्हणतात, म्हणजे गरम पाणी. ऊन ऊन भात म्हणतात, तेच हे. कोकणात अशा पाण्यावरून नावं पडलेली गावं पुष्कळ. दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे. उर्दूत झऱ्याला ‘चश्मा’ म्हणतात. तोच शब्द मराठीत आला आणि फक्त नाकावर बसला. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा. जमिनीचा डोळा म्हणून झरा तो चश्मा आणि डोळ्याला लावायचा तोही चष्मा. अरबीतही ‘ऐन’ म्हणजे डोळा आणि झराही. वर्गात मी एकदा ‘गर्म चश्मा’ असं लिहिलं, तर एका मुलीने निरागसपणे विचारलं, “उन्हात ठेवला होता का सर?”

आता दुसरा गैरसमज. ऊन पाणी म्हटलं की लोक ज्वालामुखी म्हणतात. आमचे भूगोलाचे सर या प्रवासात माझ्यासोबत होते, ते याबाबतीत कडक आहेत. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला हे खरं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, तोच आपला काळा कातळ. पण ती आग केव्हाच विझली. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला आणि ते तप्त ठिकाण मागे राहिलं. आज ते हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून धुमसतो. कोकणातल्या झऱ्यांखाली तसा कुठला वितळलेला खडक नाही. घाटमाथ्यावर पाऊस पडतो, गगनबावड्यासारख्या ठिकाणी वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्याही वर. त्यातलं काही पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जितकं खाली जावं तितकी उष्णता वाढते, किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंश. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेने वर येतं. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या परिसरापासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात १८ ठिकाणी मिळून ६० च्या आसपास असे झरे आहेत. इंग्रजी काळात १८८२ साली भूगर्भ खात्याच्या ओल्डहॅमने देशभरच्या ऊन झऱ्यांची यादी छापली, म्हणजे ही मोजदाद तशी जुनीच.

म्हणजे उन्हाळ्याचं पाणी हे डोंगरात मुरलेलं पावसाचंच पाणी. खाली जायला त्याला किती काळ लागतो कोण जाणे. वरून खाली चालत जायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो. पावसाळ्यात या वाटेवर जळवा असतात आणि दगड शेवाळलेले, त्यामुळे हाच काळ बरा. मोटाररस्ता आता घाटातून वळणं घेत जातो. जुनी पायवाट त्याला धरून-सोडून उतरते. फरसबंदी अजून टिकून आहे. मोठे दगड बसवून केलेल्या रुंद पायऱ्या, लादलेल्या बैलाला पाय टाकता येईल अशा बेताच्या. ही फरसबंदी बघितली की कळतं, ही काही गुराख्याची वाट नव्हे. यावर कुणीतरी पैसा खर्च केला होता, कारण यावरून पैसा यायचा. ‘जकात’ हा शब्द आपण नाक्यावर ऐकतो. मूळ तो ‘जकात’ म्हणजे धर्माने सांगितलेला गरिबांचा हिस्सा. गरिबाचा हिस्सा सरकारी नाक्यावर कसा जाऊन बसला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण घाटात चालताना मला तो राहून राहून आठवत होता.

वरच्या टप्प्यात झाडी इतकी दाट की दुपारी बारा वाजता सावलीत थंडी वाजते. अंजनी, जांभूळ, हिरडा, फणस, मध्येच कारवीचे ताटवे. एका ओढ्यापाशी शीळकरी कस्तूर पक्षी शीळ घालत होता, अगदी माणसासारखी. भूगोलाचे सर दोनदा वळून बघायला लागले. गव्याचं शेण दिसलं, गवा दिसला नाही, बरंच झालं.

या जंगलाची एक गोष्ट फेरिश्ताने लिहून ठेवली आहे. फेरिश्ता म्हणजे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या पदरचा इतिहासकार. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने फारसीत दख्खनचा इतिहास लिहिला. गोष्ट त्याच्याही दीडशे वर्षं आधीची, बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन याच्या काळातली. मलिक-उत्-तुज्जार नावाचा सरदार कोकण जिंकायला निघाला. त्याने शिर्क्यांना पकडलं आणि धर्म बदल नाहीतर मर असं बजावलं. शिर्के म्हणाले, बदलतो, पण माझा वैरी खेळण्याचा शंकरराव आहे, आधी त्याला नमवा, नाहीतर तो मला जगू देणार नाही. वाट मी दाखवतो. पहिले दोन दिवस वाट चांगली होती. तिसऱ्या दिवशी शिर्क्यांनी फौजेला अशा रानात घातलं की दिवसा अंधार. फौज विस्कटली, सरदार स्वतः हगवणीने आजारी. रात्री शंकररावाची माणसं आली आणि त्यांनी कापाकापी केली. सरदार मेला, त्याच्याबरोबर शेकडो सय्यद मेले.

ही गोष्ट आजकाल एका ओळीत सांगितली जाते: इकडचे आणि तिकडचे. पण फेरिश्ता आणखी एक गोष्ट सांगतो, ती कुणी सांगत नाही. बहमनी फौजेत दोन तट होते. एक ‘आफाकी’, म्हणजे इराण-अरबस्तानातून नव्याने आलेले. दुसरे दख्खनी आणि हबशी, म्हणजे इथलेच झालेले मुसलमान. त्या रानात शिरायला दख्खन्यांनी नकार दिला. त्यांना सह्याद्री माहीत होता. रानातून जे आफाकी वाचले, ते चाकणला पोचल्यावर त्यांची कत्तल झाली ती बहमनी सैन्याकडूनच, दख्खनी सरदारांच्या कारस्थानामुळे. म्हणजे जंगलाने जितके मारले त्यात भर घातली ती आपापसातल्या द्वेषाने.

खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. आंबा घाट आणि अणुस्कुरा घाट यांच्यामध्ये तो उभा आहे, दोन्ही वाटांवर डोळा ठेवून. या पराभवानंतर पंधरा-वीस वर्षांनी बहमनी वजीर महमूद गवान स्वतः आला. हा माणूस मला मनापासून आवडतो. इराणातल्या गिलानचा व्यापारी, पुढे वजीर; बीदरचा १४७२ चा मदरसा त्याचाच. एका शिक्षकाला याहून मोठी शिफारस काय लागते? गवानने घाई केली नाही. त्याने आधी रान तोडायला लावलं, वाटा मोकळ्या केल्या. पाऊस सुरू झाला तसा तो घाट चढून कोल्हापूरला आला आणि इथेच छावणी करून राहिला. पाऊस संपल्यावर परत उतरला आणि खेळणा घेतला. हे वाचल्यापासून मला वाटतं, आपल्याकडचा जून-जुलै बघून त्या गिलानी माणसाला काय वाटलं असेल. गिलानमध्येही पाऊस भरपूर पडतो, तेव्हा कदाचित त्याला घरची आठवण झाली असेल.

गवानच्या बाजूने कोण लढलं? मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की खेळण्याच्या कड्यावर घोरपड लावून त्यांचे पूर्वज चढले, आणि बहमनी सुलतानाने त्याबद्दल ‘घोरपडे’ हा किताब दिला. आमच्या मुरगूडच्या शेजारी सेनापती कापशी आहे. तिथले घोरपडे म्हणजे संताजी घोरपड्यांचं घराणं. ज्या संताजीने औरंगजेबाला सळो की पळो करून सोडलं, त्याच्या आडनावात एका बहमनी सुलतानाची शाबासकी आहे, निदान परंपरा तरी तसं म्हणते.

हे सगळं लिहायचं कारण एक मुलगा आहे. सातवीत शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. पन्हाळ्याचा वेढा शिकवून झाला आणि मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्यामागे आला. हुशार आहे, चेहरा पडला होता. म्हणाला, “सर, वेढ्यात आपण कुठल्या बाजूला होतो?” त्याला कुणीतरी मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला जे झालं, घरं फोडली, मशिदीत तोडफोड केली, ते या मुलांनी बघितलेलं आहे. गजापूर म्हणजे तेच, जिथल्या खिंडीत बाजीप्रभू लढले. गजापूरची खिंड, घोडखिंड, पावनखिंड, सगळी एकच. तेव्हा त्याचा प्रश्न साधा नव्हता.

मी त्याला जे सांगितलं ते इथे थोडं सविस्तर सांगतो. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. जौहर हबशी, आदिलशाहाचा सरदार. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत पालवणचे जसवंतराव दळवी आणि शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे होते. त्यांनी विशाळगडाला वेढा दिला होता. महाराजांच्या बाजूने कोण होतं? सिद्दी हिलाल. हाही हबशी. तो आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह नेताजी पालकरांबरोबर जौहरच्या फौजेवर चालून गेले, आणि त्या लढाईत हा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. परमानंदाने ‘शिवभारता’त हे लिहिलं आहे, परमानंद महाराजांच्याच पदरचा कवी. एक हबशी वेढा घालतो, दुसरा हबशी तो मोडायला पोटचा मुलगा घेऊन जातो. दळवी-सुर्वे वेढ्यात, बाजीप्रभू खिंडीत. “आता सांग,” मी म्हणालो, “आपण म्हणजे कोण?” तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सिद्दी वाहवाह सुटला का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच वेढ्याशी अणुस्कुऱ्याची वाट जोडलेली आहे. राजापूरला तेव्हा इंग्रजांची वखार होती. हेन्री रेव्हिंग्टन तिचा मुख्य. आदिलशाहीकडून व्यापाराची मेहेरबानी मिळेल या आशेने तो एप्रिल १६६० मध्ये एक उखळी तोफ आणि गोळे घेऊन राजापूरहून निघाला आणि पन्हाळ्याला जौहरच्या छावणीत पोचला. तिथे इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. व्यापारी म्हणून आलेली माणसं! खालून वर तोफ चढवणं म्हणजे काय, हे घाट उतरताना गुडघे सांगतात. महाराजांनी हिशेब ठेवला. मार्च १६६१ मध्ये ते राजापुरावर आले, वखार लुटली, खणली, आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. त्यांतले काही जण सुमारे दोन वर्षं कैदेत होते. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, तेव्हा सुरतेहून आलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत, पन्हाळ्यावर आपलं निशाण लावून गोळे टाकलेत म्हणून पकडले गेलात, अशा अर्थाचं. ही पत्रं १९३१ मध्ये पुण्यात छापली गेली. आता कुणालाही वाचता येतात.

आणि रुस्तुम-ए-जमान? राजापूर ज्याच्या जहागिरीत होतं तो आदिलशाही सरदार. डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरजवळ महाराजांनी त्याचा पराभव केला. पण इंग्रज आपल्या पत्रांत पुन्हा पुन्हा लिहितात, याचं आणि शिवाजीचं आतून सूत जमलेलं आहे. खरं-खोटं काही असो, ज्यांचं पोट या बंदराच्या आणि घाटाच्या रहदारीवर होतं त्यांना कायमचं वैर परवडत नव्हतं.

घाट उतरून येरडवला पोचलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. तिथून एसटीने राजापूर. मुक्काम माझ्या बी.एड.च्या एका मित्राच्या घरी. ही मंडळी कोकणी मुसलमान, घरात कोकणी बोलतात, आणि आमची दखनी ऐकून त्यांना हसू येतं. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण समोर ठेवत मित्राच्या अम्मी म्हणाल्या, “खावा पोटभर, घाटी माणसं दमलेली असतात.” म्हणजे आम्ही मुसलमान, पण त्यांच्या लेखी आधी घाटी. भूगोलाचे सर हिंदू, तेही घाटी. एका ताटात दोघांचा निकाल लागला.

राजापूर आज लहान, दाटीवाटीचं गाव वाटतं. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या संगमावर वसलेलं; पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी येतं ते दर वर्षी बातम्यांत दिसतं. समुद्र इथून बराच लांब, खाडीच्या तोंडाशी जैतापूर आणि मुसाकाजी. पण जहाजं एके काळी आत गावापर्यंत येत. देशावरून मिरी, वेलदोडा, रायबागकडचं कापड घाट उतरायचं. बंदर, खलाशी, तांडेल, नाखवा, हे सगळे शब्द अशाच बंदरांतून मराठीत चढले आणि कोळ्याच्या तोंडी बसले. नाखवा म्हणजे ‘नाखुदा’, नावेचा धनी. खाडी गाळाने भरत गेली. इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटियरांत नोंद आहे की रत्नागिरी जिल्ह्यात अरबांची गलबतं थेट येतात असं राजापूर हे एकच बंदर उरलं आहे, पण मोठ्या नावा जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबतात. हा गाळ कुठून आला? त्याच घाटावरून. डोंगर उघडे पडले की माती खाली येते. गवानने लढाईसाठी रान तोडलं होतं, आपण बिनलढाईचं तोडतो.

सकाळी फज्र पढून आम्ही उन्हाळ्याला चालत गेलो, तीनेक किलोमीटर. याच गावात राजापूरची प्रसिद्ध गंगा आहे. चौदा कुंडं, साधारण तीन वर्षांनी पाणी येतं, काही दिवस-महिने राहतं आणि जातं. अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलंय असं लोक म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. भूगोलाच्या सरांनी सायफनचा सिद्धांत सांगितला: आतल्या पोकळीत पाणी साचतं, ठरावीक पातळी गाठली की वाकड्या नळीतून एकदम उपसलं जातं आणि मग पुन्हा थांबतं. जेरुसलेमला सिलवान गावातला झरा असाच थांबून थांबून वाहायचा, तोही सगळ्या धर्मांच्या जुन्या पुस्तकांतला. भाविक आपल्या पद्धतीने बोलतात, सर त्यांच्या. दोघांचंही गंगेकडे येणं चालूच राहतं.

ऊन पाण्याचा झरा मात्र थांबत नाही. तिथे बायका-पुरुष अंघोळीला येतात, सांधेदुखीवाले विशेष. मी जरा बाजूला, वाहून जाणाऱ्या पाण्याशी बसलो. इथे आमच्या लोकांना नेहमी पडणारा एक प्रश्न: अशा पाण्याने वुजू होतो का? होतो. जमिनीतून गरमच आलेलं, क्षारांची चव असलेलं पाणी पाकच असतं. उगमापासून जे त्यात आहे त्याने पाण्याची पाकी जात नाही, हे फिकहच्या पुस्तकांत स्पष्ट आहे. दुसरा प्रश्न पुस्तकात नसतो. आपण तिथे बसलेलं इतरांना चालेल का? डोक्यावर टोपी, दाढी. एक म्हातारी कपडे पिळत होती. मी विचारलं, “आजी, इथं हातपाय धुतले तर चालंल का?” तिने वर बघितलंसुद्धा नाही. “मगे आलास कशाला?” म्हणाली.

बिहारमध्ये राजगीरला ऊन पाण्याची कुंडं आहेत. ब्रह्मकुंड हिंदूंचं, जैन तिथे येतात, बौद्ध येतात, आणि जरा अंतरावर मखदूम कुंड आहे. सूफी संत शरफुद्दीन याह्या मनेरी यांनी त्या डोंगरात एकांतात साधना केली, म्हणून हे नाव. १३८१ मध्ये बिहारशरीफला ते वारले. त्यांची पत्रं आजही वाचली जातात. कराचीजवळ मंघोपीरच्या दर्ग्यापाशीही ऊन झरे आहेत आणि मगरी आहेत, आणि तिथे मेळा भरवतात ते शिदी, म्हणजे सिद्दी जौहर आणि सिद्दी हिलालच्याच आफ्रिकी वाटेने आलेले लोक. कोकणातल्या झऱ्यांना असा कुणी पीर लाभल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बहुतेक ठिकाणी देऊळ आहे, आणि देवळापलीकडे पाणी.

पाणी हाताला चांगलं कढत लागतं, पण सोसतं. तुरळचं इतकं सोसत नाही. ते संगमेश्वर तालुक्यात, महामार्गाच्या जवळच. उन्हवऱ्याचं तर त्याहून तापलेलं. कुणाला जायचं असेल तर पहिल्यांदा राजापूरलाच जावं. कोल्हापूरहून अणुस्कुरामार्गे एसटी मिळते; घाटमाथ्यावर उतरून चालायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर घेऊन. आमचा तो सातवीतला मुलगा आता आठवीत गेला आहे. त्याला न्यायचं ठरलं आहे, फक्त त्याच्या अब्बांची परवानगी बाकी आहे. त्यांना गव्याची भीती वाटते.